क्रियापद टाळून

रुपचंद साळवे यांनी तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्रचित्रण शिकवले होते. रेघ चुकली तर ती खोडून पुन्हा काढावी, अंदाजाने पुढे जाऊ नये, हा त्यांचा शिरस्ता. मराठी भाषेने मात्र त्यांना तीन वर्षे कोंडीत पकडले होते. दर शनिवारी जळगावहून लेकराचा फोन येई आणि रुपचंद आधीच जुळवून ठेवलेली वाक्ये बोलत. "जेवण झालं का? तब्येत बरी आहे ना?" 'आलास' म्हणवत नव्हते, 'आलीस' जिभेवर येत नव्हते. फोन ठेवल्यावर तो आवाज कानात घोळवत ते बराच वेळ खुर्चीतच बसून राहत.

मुलगा म्हणून वाढलेल्या नवलची सारिका झाली, तेव्हा धुळ्यातील त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने तिचे नाव सभासदांतून कमी केले. रुपचंद मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळकांबरोबर निर्णय घेणाऱ्या पाच जणांपैकी एक. ठरावाखाली त्यांचीही सही होती. नाव कमी झालेल्याला उपासनेत वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकर मिळत नसे.

आदल्या शनिवारच्या फोनवर सारिका म्हणाली होती, "पप्पा, तीन वर्षं झाली. मला तुमच्या हातची भाकर हवी आहे."

रविवारी ती खरोखर उपासनेला आली. तिच्या आईने, इंदिराबाईंनी, तिला बायकांच्या बाजूला, आपल्याशेजारी बसवले. हा बाक बायकांचा ना, असे मागच्या बाकावरून पुष्पाबाई अहिराणीत पुटपुटल्या, "इंदिराअक्का, हाऊ बायास्ना बाक शे ना?"

"शे ना. म्हनीसनच तिले आठे बसाडं," म्हणूनच तिला इथे बसवले, असे इंदिराबाईंनी मागे न वळता सांगितले.

पाळकसाहेबांनी रुपचंदना बाजूच्या खोलीत बोलावले. "भाऊ, आज ताट तुमच्या हाती आहे. नवलपुढे ते नेऊ नका. बसायला आपली हरकत नाही."

"बरं," रुपचंद म्हणाले.

भाकरीचे ताट घेऊन ते ओळीमागून ओळ चालत राहिले. इंदिराबाईंनी तुकडा उचलला. पुढे सारिकाने दोन्ही तळवे जोडून ओंजळ धरली होती. रुपचंद थांबले.

"रुपचंदभाऊ, पुढे चला," वेदीजवळून पाळकसाहेब म्हणाले. "तो सभासद नाही."

रुपचंदनी मान वळवली.

"ती उपाशी आहे, साहेब. पहाटेच्या बसनं आली आहे."

एवढेच. त्यांनी तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला. सारिकाने तो लगेच खाल्ला नाही. डोळे मिटून घेतले.

पाळकसाहेब चालत आले आणि त्यांनी हात पुढे केला. रुपचंदनी ताट त्यांच्या हाती दिले. उरलेल्या ओळी पाळकांनी स्वतः वाटल्या. वडिलांच्या खुर्च्या वेदीपाशी होत्या, पुरुषांचे बाक पलीकडे होते. रुपचंद मधल्या वाटेत तसेच उभे राहिले.

"पप्पा," सारिका सरकत कुजबुजली, "इथे जागा आहे."

ते बसले. पेटी वाजू लागली, गीत सुरू झाले. भोवती बायकांचे उंच सूर होते आणि त्यांत सारिकाचा जाड, खालचा स्वर वेगळा ओळखू येत होता. लहानपणी रात्रीच्या प्रार्थनेला ती त्यांच्याच मांडीवर बसून गात असे. पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला तिला इथे येऊ देतील की नाही, ते रुपचंदना ठाऊक नव्हते. गीताची चार कडवी होती. दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी गाणे थांबवले आणि ते फक्त तिचा स्वर ऐकत राहिले.