माझ्या वाटणीची चपाती

जरा टेका इथं. मी पखवाज बोलतोय, लालबागच्या चाळीतला. आज आनंद पोटात मावत नाही, आणि माझं पोट तर केवढं!

शिसवाचं लाकूड कोरून मला घडवलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं. माझा धनी मनमोहन, मिलमध्ये कामाला. शनिवार आला की मला पुढ्यात घेऊन भजनाला बसायचा. तो गेला, नि मी त्याच्याच धोतरात गुंडाळून पोटमाळ्यावर. किती वर्षं, ते काय सांगू? तिथं ऊनसुद्धा कळत नाही.

मग त्याच्या नातीनं, आरोहीनं, मोबाईलवर पखवाजाचा व्हिडिओ पाहिला. "आजी, हा तर आपल्याकडंय!" मला खाली काढलं, चामड्याच्या वाद्या ताणून आणल्या. व्हिडिओ बघून बघून पोरगी बोल शिकली. काय बोटं चालायची तिची! उजवं तोंड खणखणीत बोलायचं. डावं मात्र नुसता पत्र्याचा डबा.

तिनं व्हिडिओ थांबवून निरखलं. तिथल्या पखवाजाच्या डाव्या तोंडावर पांढरा गोल. "आपल्याचा रंग उडालाय," म्हणाली, आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आली.

माझी वादी न वादी थरथरली. रंग कातड्यात मुरला की ते कायमचं मुकं! ब्रश बुडाला. दोन-दोन तोंडं असून मला ओरडता येईना.

"अगो, ह्या काय करतंस?" बेबीआजी पीठ मळता मळता परातीसकट धावली. "रंग न्हय तो, कणीक! तुझो आजो माझ्याच परातीतलो गोळो न्हेय. चपाती कमी पडली काय सांगी, 'माझी पखवाजान खाल्ली!'"

"पण व्हिडिओत कुठं दाखवलंय?"

"त्येंनी आधीच लावल्यानी असतली. मगे कॅमेरो."

आजीनं ओली कणीक थापली. आरोहीनं हात मारला. धूऽऽम! भिंतीवरचा मनमोहनचा फोटो हलला. शेजारीपाजारी दारात जमले. आजी पदर तोंडाला लावून तिथंच बसली.

आता आरोहीनं स्वतःचा व्हिडिओ केलाय. सुरुवात परातीपासून! खाली कमेंटमध्ये लोक विचारतात, "पीठ कसलं? किती सैल मळायचं?" आजी सांगते, आरोही टाईप करते.

बाबांनो, व्हिडिओ बघा, जरूर बघा. मला त्यानंच खाली उतरवलं. पण कॅमेऱ्याच्या आधी काय घडतं, ते घरातल्या माणसाला विचारा. कणीक वाळते, खरवडून टाकावी लागते. दर खेपेला नवी लागते.

परवा जेवताना चपाती कमी पडली. आजीनं रिकाम्या डब्यात पाहिलं, मग आरोहीकडं.

आरोही म्हणाली, "माझी पखवाजानं खाल्ली."