एक मात्रा आधी

"किती वाजता गेले?" वॉचमननं टोपी काढून, आवाज उतरवून विचारलं.

कर्वेनगरमधल्या त्या सोसायटीच्या फाटकाशी पांढऱ्या साड्यांतल्या सात बायका रिक्षांतून उतरल्या, म्हणजे आत कुणीतरी गेलं असणार, हा त्याचा अंदाज तिथल्या रीतीनं बरोबरच होता.

"कुणी गेलेलं नाही," ललिता ओव्हाळ म्हणाल्या. "आम्ही गायला आलोय. तळघरात."

वॉचमननं टोपी परत घातली. त्याची जराशी निराशाच झाली.

बोपोडीच्या विहारात वंदनेला पांढरी साडी नेसायची, आणि एकत्र गायचं म्हणजे वंदना. त्यामुळे रेकॉर्डिंगलाही पांढरी साडी. तिथे कुणी बघणार नाही, असं आम्रपालीनं आईला सांगून पाहिलं होतं. "ऐकणार आहेत ना?" एवढंच ललिताबाई म्हणाल्या होत्या.

आम्रपाली त्यांची एकुलती एक. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि सुट्टीच्या दिवशी एका मेटल बँडमध्ये गायची. गायची म्हणजे घशाच्या तळातून गुरगुरायची. शेजाऱ्यांना ललिताबाईंनी घशाचा जुना त्रास म्हणून सांगून ठेवलं होतं. शेजारीही सज्जन, काढे सुचवायचे. बँड मतभेदांनी फुटतात म्हणे. हा व्हिसानं फुटला. ड्रमर टोरांटोला गेला, गिटारवाला कॅलिफोर्नियाला. मागे उरलेल्या आम्रपालीनं एकटीचा पहिला अल्बम करायला घेतला. त्यात गुरगुर नव्हती. व्हायोलिन होती, चेलो होते, सिनेमात धरण फुटताना वाजतं तसलं सगळं होतं. एका गाण्यात पूर होता, आणि त्यात नदीकाठच्या बायका हाक देत होत्या: 'पाणी आलं, उठा.'

"आई, तू आणि विहारातल्या मावश्या गाल का हे?"

इतक्या वर्षांत गाण्यातलं काही तिनं आईला पहिल्यांदाच विचारलं होतं. आजवर एकाही कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. आता आपला आवाज तिच्या आवाजाशेजारी कायमचा राहणार, हे ललिताबाईंनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. महिनाभर वंदनेनंतर सगळ्यांना बसवून तालीम घेतली आणि पाटबंधारे खात्यातल्या साहेबांकडे रजा मागितली, मुलीचं कार्य आहे म्हणून. साहेबांनी मुलगा काय करतो ते विचारलं.

तळघरातल्या स्टुडिओत आम्रपालीबरोबर अनिरुद्ध बसला होता. अल्बमचा वाद्यमेळ त्यानं बांधला होता. पाश्चात्त्य संगीत तो पुस्तकं वाचून शिकला होता आणि ती न वाचलेल्यांशी समजुतीनं वागायचा.

"काकू, पाचपर्यंतच स्टुडिओ आपला. नंतर एका बिल्डरची जाहिरात आहे. नाहीच जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. कॉम्प्युटरमध्ये अख्खा विलायती कोरस आहे."

"त्यांना मराठी येतं?" सात जणींतल्या श्यामलाबाईंनी विचारलं.

"त्यांना फक्त 'आ' येतं."

"मग बरोबर. पूर आल्यावर तेवढंच सुचतं."

सगळ्यांनी पदर सावरून हेडफोन चढवले. कानात चार मात्रा मोजल्या गेल्या, व्हायोलिन उसळली, आणि बायका शांत. ललिताबाईंनी एकटीनं 'पाणी आलं, उठा' म्हटलं. ते ऐकून घेऊन मागून सहा जणींनी म्हटलं. तोवर व्हायोलिन पुढच्या गावी पोचली होती.

"अहो, सगळ्यांनी एकदम," अनिरुद्ध काचेपलीकडून म्हणाला.

"एकदम कसं?" श्यामलाबाई म्हणाल्या. "आधी ताई सांगणार, मग आम्ही. आमच्यात तसंच असतं."

"आज तसं नको."

मग ललिताबाई गप्प राहिल्या, तर सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी खूण केली, तर दोघी लवकर आल्या आणि एक आलीच नाही. दरवेळी गाणं संपलं की मात्र सवयीनं सातही जणी हात जोडून म्हणायच्या, "साधू, साधू, साधू."

"हे बघा, हे कसं एकदम आलं!" अनिरुद्ध जवळजवळ ओरडला.

"ते मनापासून असतं, बाळा," श्यामलाबाई म्हणाल्या.

चार वाजून गेले. चहा आला, निवला. अनिरुद्ध डोकं धरून बसला होता, तो हळूच म्हणाला, "काकूंना बाहेर घेतलं तर? त्या इकडे बसून एक मात्रा आधी म्हणतील, ह्यांना ते फक्त हेडफोनमध्ये ऐकू जाईल. मागोमाग ह्या आल्या की बरोबर जागेवर पडतील. नंतर काकूंचा आवाज काढून टाकायचा."

"म्हणजे अल्बममध्ये आई नाही," आम्रपाली म्हणाली.

"म्हणजे... नाही."

"मग राहू दे. तुझा तो विलायती कोरस लाव."

"ह्या बायका महिनाभर घरचं टाकून आल्यात," ललिताबाई म्हणाल्या. हेडफोनमध्ये त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी पदर न विस्कटू देता ते उतरवले. "मी बाहेर बसते."

"आई, अगं—"

"कुठं बसू, ते सांग."

काचेच्या अलीकडे, अनिरुद्धच्या बॅगेशेजारी त्यांना स्टूल, माईक आणि दुसरे हेडफोन मिळाले. ललिताबाईंनी डोळे मिटले आणि कानातल्या मोजणीच्या एक मात्रा आधी म्हटलं, 'पाणी आलं, उठा.' काचेपलीकडे सहा जणी उठल्यासारख्या आल्या. व्हायोलिनच्या नेमक्या माथ्यावर. शेवटी 'साधू' निघू नये म्हणून श्यामलाबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"झालं," अनिरुद्ध म्हणाला. मग त्यानं ललिताबाईंकडे पाहिलं. "काढू, काकू?"

"काढा की. झालं ना काम?"

त्यानं एक बटण दाबलं.

अल्बम इंटरनेटवर आला त्या रविवारी आम्रपालीनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला. ललिताबाई भाकरी थापत होत्या. लॅपटॉपमधून मुलीचा आवाज आला, मोकळा, उंच, कुठेही न खरवडलेला. त्यांनी मान वर केली नाही. थापायच्या मात्र थांबल्या. मग व्हायोलिन चढत गेली.

"पाणी आलं, उठा," ललिताबाई पुटपुटल्या, आणि मागून सहा जणी वेळेवर आल्या.

पुढची ओळ जवळ आली तशी आम्रपालीनं हात लांब करून लॅपटॉपचा आवाज आईचा ऐकू येईल इतका कमी केला.