शिशाची मान

"एवढी एक सोडा. हिची मान अशीच राहू द्या," दीपिका मॅडम म्हणाल्या.

श्रावणनं हातातली पितळी तार खाली ठेवली. घुग्घुसच्या ट्रकवाल्या रस्त्यावर त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. खाण कंपनीच्या गेस्ट हाऊसमधली शिशाची माणसं खचली म्हणून चार दिवसांपूर्वी त्याला बोलावणं आलं होतं. खाणीतल्याच लच्छू फिटरनं चाळीस वर्षांपूर्वी भंगारातलं शिसं वितळवून चार बोटं उंचीची ही माणसं ओतली होती. सुरुंगवाला, पंपवाला, शिट्टी फुंकणारा मुकादम. शिसं मुळात मऊ, अंगानं जड. त्यात घुग्घुसचा उन्हाळा, आणि शोभा वाढावी म्हणून कोणा हुशार साहेबानं काचेच्या कपाटात रात्रंदिवस पेटते ठेवलेले दिवे. बिचारी वर्षावर्षाला बसत गेली. सुरुंगवाला गुडघ्यांत मोडला. मुकादम पंपवाल्याच्या खांद्यावर कलंडला. खऱ्या आयुष्यात कुठला मुकादम कामगाराच्या खांद्यावर डोकं टेकतो! श्रावण एकेकाला ऊब देऊन हळूच सरळ करी, टाचेतून बारीक भोक पाडून आत तार घाली आणि तळ सोल्डरनं बुजवी.

आता राहिली होती ती फक्त डोक्यावर कोळशाची पाटी घेतलेली बाई. तिची मान पुढे खचून हनुवटी छातीला लागली होती.

"सगळे पाहुणे हिच्यापाशीच थांबतात," मॅडम म्हणाल्या. कंपनीचा जनसंपर्क त्यांच्याकडे होता. "किती दमलेली वाटते ना? या दालनाच्या उद्याच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर हिचाच फोटो आहे."

"मॅडम, डोक्शावर पाटी असली का मान वाकत नाई. वाकली तं पाटी पायावर पडते. लच्छूभाऊनं सरळच बनवली होती. हे शिसं खचलं."

"अहो, कला आहे ती. कलेत असं बघायचं नसतं."

श्रावणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची माय, बायनाबाई, याच खाणीवर सतरा वर्षं डोक्यावरून कोळसा वाहत होती. वॅगनला लावलेल्या हातभर रुंद फळीवरून चढायचं. खाली बघितलं की तोल गेलाच. तेव्हा ताठ धरलेली मान पुढे ताठच राहिली. मानेचे मणके एकमेकांत बसलेत, असं चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. आता वाकवू म्हटलं तरी तिची मान वाकत नाही. आणि इथे पंख्याखाली उभं राहून कोणी ठरवावं, की ती मान टाकून चालत होती आणि तेच छान दिसतं! एवढी दया येत होती तर तेव्हा कुठे होते सगळे?

मॅडम जेवायला गेल्या. श्रावणनं बाईला उचललं.

शिपाई नानाजी दारातून कुजबुजला, "श्रावणभाऊ, काय करून राह्यले? माही नोकरी जाईन ना!"

"तुही काऊन जाईन? हात तं माहे हाय."

हनुवटीखाली अंगठा लावून त्यानं मान कणाकणानं वर आणली. घाई केली असती तर तडा गेला असता. मग टाचेपासून मानेपर्यंत भोक पाडलं, तार सरकवली, तळ बुजवला. पाटी डोक्यावर नीट बसली. बाईची नजर समोर लागली.

मॅडम परत आल्या आणि जागीच थांबल्या. "हे काय केलंत? पत्रिका वाटून झाल्यात! पुन्हा होती तशी वाकवा."

"आतून तार हाय, मॅडम. वाकवसान तं मुंडकं तुटंल. वाकनार नाई आता ते."

"मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"सांगतलं होतं. पन खोटं होतं ते. खोटं करून देनं मले जमत नाई."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या नानाजीकडे वळल्या. "हिला काढा इथून. पत्रिकेशी जुळत नाही."

नानाजीनं बाईला फायलींच्या कपाटात नेऊन ठेवलं. मोकळी जागा दिसू नये म्हणून मुकादमाला थोडं उजवीकडे सरकवलं. आता त्या रांगेत एकही बाई उरली नव्हती. श्रावणनं आपली पिशवी भरली. कोणाचा निरोप न घेताच तो निघाला.

घरी बायनाबाई दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"झालं काम?"

"झालं. पन कोळसेवालीले काढलं त्यायनं. मी मान सरळ केली म्हनून."

म्हातारी हसली. "आमाले बी असंच काढलं व्हतं. मशीन आली, अन् दुसऱ्या दिवशी बायायले फाटकावरूनच वापस धाडलं. काऊन, ते कोनी नाई सांगतलं."

मग तिनं डाव्या हातानं सूप थेट डोळ्यांसमोर उचलून धरलं आणि उजव्या हातानं तांदळातले खडे निवडू लागली.