थिनर ओतायचं नाही

माझा धाकटा भाऊ घरी मला ताई म्हणतो आणि कारखान्यात ‘ओ बाई’. सुपरवायझर झाल्यापासून नातं गेटवर ठेवून आत यायची त्याला सवय लागली आहे. असो. मी सोल चिकटवते. भट्टीवर आणि बांधकामावर घालतात ते जाड बूट आम्ही बनवतो. सोलला सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावायचं, बुटाला लावायचं, दोन्ही सुकू द्यायचं. मग बोटाची पाठ टेकवून बघायची. बोटाला लागलं तर अजून थांबायचं, नाही लागलं तर माल प्रेसमध्ये.

त्या दिवशी आले तर सोल्युशनचं पिंप बाहेर पत्र्याखाली. गोदामात नव्या खोक्यांना जागा हवी म्हणून कुणीतरी ते रात्रभर थंडीत काढून ठेवलं होतं. आतला माल इतका घट्ट झालेला की ब्रश घातला तर उभाच राहिला. मी सांगितलं, झाकण लावून पिंप हॉलच्या उबेत घ्या, हीटरपासून लांब ठेवा, आपोआप सैल होईल. तोवर लाइनवर सोल घासून घेऊ. भाऊ मान डोलावून गेला आणि थिनरचा डबा घेऊन आला.

थिनर ओतलं की सोल्युशन पळतं. लाइनही पळते. सोल चिकटतो, खोक्यात जातो, दुकानात चकाकतो आणि भट्टीपुढे माणसाच्या पायाखाली आ वासतो. हे भावाला मी शिकवायला नको. तो याच टेबलावर माझ्याशेजारी उभा राहून शिकला. गेल्या उन्हाळ्यात असाच पातळ केलेला माल परत आला, तेव्हा अख्खी लाइन बंद ठेवून आम्ही सुऱ्यांनी सोल खरवडत बसलो होतो. त्यातलाच एक जोड भट्टीवर काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या पायात होता. त्याच्या तळव्याची कातडी अजून धड आलेली नाही. भाऊ तेव्हा दवाखान्यात ढसाढसा रडला होता. रडायला काय जातं?

मी पिंपावर झाकण ठोकलं आणि वर बसले.

लाइन काम सोडून दारात येऊन बघायला लागली. भावाने आधी हळू आवाजात समजावलं, मग चढ्या. मॅनेजर काचेतून बघतोय, आज ट्रक जायचाय, तमाशा नको. मी म्हटलं, तिकीट लावलेलं नाही, बघू दे त्यालाही. प्रेसवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, बाई, अंडी उबवताय का. म्हटलं, हो, पिल्लं निघाली की एक तुमच्या घरी पाठवते. लाइन फिदीफिदी हसली. भावाचे कान लाल झाले.

“ऊठ,” तो म्हणाला. “नाहीतर उद्यापासून या टेबलावर दिसायची नाहीस.”

“आधी भाऊजींकडे जा. त्यांच्या पायाकडे बघून सांग, मी परत थिनर ओततोय. मग उठते.”

एवढ्यात मॅनेजर आला आणि मला ओढून काढायला सांगायला लागला. भावाने डबा खाली ठेवला. माझी बाजू घेतली नाही, पण मला हातही लावला नाही. सुपरवायझरचा कणा एवढाच ताठ होत असावा.

मग म्हाताऱ्याने माल ओढायची हातगाडी आणली. लाइनवरच्या दोघांनी पिंप त्यावर चढवलं, माझ्यासकट, आणि मला मिरवत हॉलमध्ये नेलं. मॅनेजर ओरडत मागे. मी उतरले नाही. जेवण वरच बसून केलं. दुपार कलल्यावर झाकण काढून काठी बुडवली, तर सोल्युशन काठीवरून अखंड धारेने उतरलं. तेव्हा उठले. गुडघे आखडले होते, पण लाइन संध्याकाळपर्यंत एकदाही अडली नाही. ट्रक गेला, उशिरा गेला.

दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं. शिक्षा म्हणून. खोका उघडायचा, बूट घालायचे, खोका मिटायचा. डोक्याला काम नाही, असं त्यांना वाटलं. मी प्रत्येक बुटाच्या चवड्याशी अंगठा रोवते आणि सोल जोर लावून ओढते. थिनर ओतलेलं असेल तर तो उघडतोच. उघडला तर खोक्यात घालत नाही. अख्खा हॉल ओलांडून जाते आणि भावाच्या टेबलावर ठेवते, उघडं तोंड त्याच्याकडे करून. काल तिथे पाणी प्यायचा ग्लास ठेवायलाही जागा उरली नव्हती.

पॅकिंगवाल्या बाईमुळे माल तुंबतो, अशी मॅनेजरची बोंब आहे. तुंबू दे. ओढून सोल न निघणारा बूट द्या, खोका लगेच मिटते.