त्रिशलाबाईंचा आठवा उपवास

श्रेणिकचं बूड एका जागी ठरत नव्हतं. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात खिडकीपासून खाटेपर्यंत त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. खाटेवर त्याची आई, त्रिशलाबाई. तिचा डावा पाय मांडीपर्यंत टम्म फुगून जांभळा पडलेला. जैनांच्या दशलक्षण पर्वातल्या दहा उपवासांतला आज आठवा. रोज एकदाच उकळलेलं पाणी घ्यायची, तेही तीन दिवसांपूर्वी सोडलं. सूज दिसली तेव्हा घरातले शहाणे म्हणाले, उपासानं सुजतंच. आईनं पायावर पदर ओढला आणि बस्तीत, जैन मंदिरात, जाऊन बसली.

डॉक्टर पूर्णिमानं मांडीपासून पोटापर्यंत सोनोग्राफी केली आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, मोठ्या शिरेत रक्ताची गाठ धरलीय, पार पोटापर्यंत. अंगात पाणीच न्हाय, रक्त घट्ट झालंय. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतंल. गुडघ्यामागनं नळी घालून ओढून काढायला पायजे. पण आधी सलाईन. नळी घालताना शीर दिसाय औषध सोडाय लागतं, ते कोरड्या अंगात सोडलं, तर किडनीला झेपायचं न्हाय."

"सुईतनं गेलं तरी पाणीच की ते," आई म्हणाली. "दोन दिस थांबा."

"पाय थांबणार न्हाय, काकू."

श्रेणिकचं डोकं सणकलं. "कुणासाठी चाललंय हे? देव हजेरी घेतोय व्हय?"

"देवाचं सोड! वडगावच्या चौकात दहा उपवासांची तपस्विनी म्हणून माझा फ्लेक्स कुणी लावला? सहावा चालू हुता माझा. त्याच दिवशी पाय दुखाय लागला. आता सोडला तर गाव फोटोकडं बघून हसंल की."

हौस श्रेणिकचीच. वर आईचा भलामोठा फोटो आणि खाली गॉगल लावलेला हा. त्यानं आईसमोरच मित्राला फोन लावला.

"केतन, फ्लेक्स उतरव. आत्ताच्या आत्ता. कोण विचारलं तर सांग, पोरगं येडं हाय, उपास पुरं व्हायच्या आधीच बोर्ड लावून बसलं."

आई हात पुढं करून म्हणाली, "लावा सलाईन." आणि अगदी हळू, "उकळलेलं पाणी मिळंल काय, घोटभर?"

डॉक्टरनं मान डोलावून पेला पुढं केला. आईनं पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि अधाशासारखी प्याली. श्रेणिकला ते बघवेना. इतके दिवस रोज सकाळी त्यानं याच पायांवर डोकं ठेवलं होतं, आणि पाय बघितला नव्हता.