खांद्यावरचा हात

यवतमाळची गाडी दिग्रसच्या बसस्टँडात शिरली आणि खिडकीतून संघर्षला आधी दिसला तो स्वतःच. दहा फूट बाय आठचा. निळं जाकीट, मागे समुद्र, दात काढून हसणारा. वर लाल अक्षरात: ‘जगप्रवास करून मायभूमीत परतलेले आमचे बंधू आयु. संघर्ष डोमाजी मनवर यांचे हार्दिक स्वागत.’ खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यातल्या निम्म्यांना तो ओळखतही नव्हता.

पण त्याची नजर नावावर थांबली नाही. फोटोत त्याच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. फक्त हात. मनगटाच्या मागचा माणूस कापून टाकलेला. सुपाएवढा, सावळा हात, अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा आडवा डाग.

मातेउसचा हात.

संघर्ष बॅग घेऊन खाली उतरला. समोरच्या दुकानातून कलीम धावत आला. कलीम फ्लेक्स छापायचा. पहिलीपासून दोघं एका बाकावर बसलेले.

“काय बे, फॉरेन रिटर्न! कसा वाटला?”

“हा हात कायले ठेवला?”

“अबे यार, तुह्या स्टेटसवरून उचलला फोटो. बाजूचा मानूस काढला. हात काढाले गेलो तं तुहा खांदाच गायब होऊन राह्यला होता. म्हटलं जाऊ दे, लोकायले वाटंल कोन्या मंत्र्याचा हाये.” कलीम आपल्याच बोलण्यावर हसला. “हाये कोनाचा पन?”

“जहाजावरचा एक जन.”

एवढ्या शब्दांत त्यानं माणूस संपवला. ज्याच्यासोबत त्यानं अर्धं जग पाहिलं, तो झाला ‘एक जन’. आणि संघर्षची मान आपोआप खाली गेली, जशी गावात शिरलं की जायचीच.

घरी बाप दारात उभा होता. डोमाजीनं कापसाच्या बाजारात उभा जन्म हमाली केली. खांद्यावर गठाणींचा घट्टा पडलेला. पोराचं नाव त्यानं मुद्दाम संघर्ष ठेवलं होतं आणि त्याला लहानपणापासून एकच शिकवलं होतं: “मान खाली घालाची नाही. आपल्याले ज्यायनं वेशीभाईर ठेवलं ना, लाज त्यायनं धराव.” भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली पोरानं पाठवलेलं जहाजाचं कॅलेंडर.

“बाबू, तो हात कोनाचा रे?” चहा व्हायच्या आधीच डोमाजीनं विचारलं.

संघर्षच्या तोंडून निघून गेलं, “कप्तानाचा.”

डोमाजी उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला माहीत झालं. चहाच्या टपरीवर डोमाजी सांगत होता, “माह्या खांद्यावर लोकायच्या गठानी. माह्या पोराच्या खांद्यावर जहाजाचा कप्तान हात ठेवते. पाह्यजा जाऊन.” आणि लोक जाऊन पाहत होते.

त्याच फ्लेक्सचा फोटो कुणीतरी संघर्षला टॅग करून टाकला होता. रात्र होण्याआधी मातेउसचा मेसेज आला. “तू तर इमारतीएवढा झालास. माझा बाकीचा भाग कुठाय?” पुढे हसणारा चेहरा. थोड्या वेळानं दुसरा मेसेज, हसण्याशिवाय: “आईला सांगितलंस?”

संघर्षनं फोन पालथा ठेवला.

हे सगळं इथं सुरू झालं नव्हतं. किंवा इथंच सुरू झालं होतं.

जहाजाच्या लॉन्ड्रीत नोकरी लागली तेव्हा संघर्ष बावीस वर्षांचा होता आणि अडाणी होता. डिग्री होती, तरी अडाणी. त्याला वाटायचं, पोरांकडे पाहून आपल्याला जे होतं ते दिग्रसच्या पाण्यातलं काहीतरी आहे, आणि समुद्रावर गेलं की सुटेल. मुंबईत जहाजाची मेडिकल झाली तेव्हा तो रिपोर्ट येईपर्यंत जेवला नाही. रक्तात दिसलं तर? डॉक्टरनं ‘फिट’ लिहिलं. त्याला खरोखर वाटलं, चला, रक्तात नाही, म्हणजे बरं होण्यासारखं आहे. हसा. ज्या गावात या गोष्टीला शिवीशिवाय दुसरा शब्दच नाही, तिथं पोरगा याहून वेगळं काय समजणार होता?

बार्सिलोनाला त्यानं दोन म्हातारे पाहिले. बाकावर बसलेले. एकाला वाकता येत नव्हतं, दुसरा गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होता, आणि बांधून झाल्यावर त्यानं त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याची पापी घेतली. संघर्ष खांबामागे उभा राहिला. कुणीतरी दगड मारेल म्हणून वाट पाहत राहिला. कबुतरं होती, आइस्क्रीमवाला होता, एक बाई कुत्रा फिरवत होती. दगड आला नाही. जहाजावर परत येऊन तो लॉन्ड्रीतल्या ओल्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडला, आणि का रडतोय हे त्याला सांगता आलं नसतं.

नेपल्सला एक जण त्याच्याकडे पाहून हसला. एवढ्यावर संघर्ष त्याच्यामागे गेला. खोलीत सगळं झाल्यावर यानं विचारलं, “आता आपण काय? मी माझ्या आईला तुझ्याबद्दल काय सांगू?” तो माणूस इतका हसला की त्याला खोकला लागला. मग संघर्ष तोंड धुवायला गेला आणि बाहेर आला तेव्हा माणूसही नव्हता आणि फोनही. जहाजावर त्यानं सांगितलं, बाजारात कुणीतरी फोन मारला. आपल्याला कुणी वापरून फेकलं याची लाज त्याला नव्हती. लाज होती ती आईचं नाव काढल्याची.

मातेउस जहाजाच्या बेकरीत होता. ब्राझीलचा, सांतोस बंदराचा. पहाटे चादरी आणि पाव एकाच वेळी तयार व्हायचे, त्यामुळे दोघांची ओळख घामातच झाली. मातेउसनं कधी घाई केली नाही. गरम पाव आणून द्यायचा आणि म्हणायचा, “तू सगळीकडे चोरासारखा चालतोस. काय चोरलंयस?”

जहाज सांतोसला लागलं तेव्हा तो संघर्षला घरी घेऊन गेला. डोंगराच्या उतारावर विटांचं घर, गिलावा नसलेलं, दिग्रसच्या आपल्या वस्तीतल्यासारखंच. त्याची आई शाळेत झाडू मारायची. तिनं संघर्षचे गाल धरले, भात वाढला, डाळ वाढली, आणि मग खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. दोन उशा ठेवल्या. शेजारी शेजारी. दार ओढून घेतलं.

संघर्ष जमिनीवर झोपला. मातेउसनं समजावलं, मग चिडला, मग दिवा घालवला. सकाळी आई चहा घेऊन आली, तिनं जमिनीवरची उशी पाहिली आणि पोराला विचारलं, “याला पलंग आवडला नाही का?”

दोघं समुद्रावर गेले. मातेउस म्हणाला, “माझी आई झाडू मारते. तिनं दोन उशा ठेवल्या आणि तू तिला खोटं पाडलंस. मी तुझ्या घरी कधी येईन माहीत नाही. पण तुझ्या आईला माहीत नसेल तर मी तुझ्या कुठल्याच पलंगावर नाही. सांगशील?”

“सांगीन,” संघर्ष म्हणाला. मातेउसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारून जाणाऱ्या पोरीला फोटो काढायला सांगितलं.

तोच फोटो. कलीमनं कापलेला.

इंदूबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, येत्या रविवारी मुलगी दाखवायचं ठरवूनच ठेवलं होतं. पुसदची. अपेक्षा तिचं नाव, मेडिकलच्या दुकानात कामाला.

“माय, आत्ता नोको ना.”

“फक्त पाहाचीच तं हाये. पाह्यल्यानं काय अंग झिजते?”

“मले लग्नच...”

“काय लग्नच?”

“काही नाही.”

रविवारी अपेक्षा आली, तिची आई आली आणि तिचा रवीमामा आला. मामानं दारातच जयभीम घातला आणि म्हणाला, “पत्ता विचाराची गरजच नाही पडली हो. फ्लेक्स पाह्यला, विचारलं, पोरं घरापावतर घेऊन आले.”

“त्याच्या कप्तानाचा हात हाये तो,” कुणी विचारलं नसताना डोमाजी म्हणाला.

आलूबोंडे आले, चहा आला. मग मामानंच म्हटलं, “पोरापोरीले बोलू द्या मागं अंगनात. आजकाल पद्धत हाये.”

अंगणात नळाजवळ दोन खुर्च्या टाकल्या होत्या. अपेक्षानं साडीचा पदर सारखा केला. उन्हात तिच्या कपाळावर पावडर गोळा झाली होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुमाले करायचं हाये का लग्न?”

संघर्षनं नळाची तोटी आवळून पाहिली.

“नसन कराचं तं नाही म्हना. पन कारन सांगा. खरं सांगा. याच्याआधी दोन जागी नाही म्हटलं, कोनंच कारन सांगितलं नाही. मंग मी घरी जाऊन आरशापुढं उभी राह्यते. मामी म्हनते रंग. आई म्हनते दात. मी सारंच शोधत बसते.”

संघर्षनं तिच्याकडे पाहिलं. सगळं जग फिरून आला होता, पण असं दुसऱ्याच्या तोंडाकडे त्यानं या घरात कधी पाहिलं नव्हतं. कायम आपल्याच लाजेत बुडालेला. ही समोर पावडर लावून बसली होती, आणि तो गप्प राहिला तर हिच्या दातांवर खापर फुटणार होतं.

“तुमच्यात काही नाही,” तो म्हणाला. “मले बायाच... मले मानूस आवडते. तो फ्लेक्सवरचा हात कप्तानाचा नाही. माह्या मानसाचा हाये.”

नळ ठिबकत होता. अपेक्षाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“मंग मले इथं बसवलं कायले?” ती दबक्या आवाजात ओरडली. “काल रातच्यापासून मी जेवली नाही, पोट दिसन म्हनून. आईनं शेजारनीची साडी मांगून आनली. तुमची लाज झाकाले मी काय पडदा हाओ का?”

“चुकलं.”

“मले नोका सांगू. भाईर जाऊन सांगा. मी सांगितलं तं म्हनतीन पोरीतच काही असन. चाला, उठा.”

ती पुढे, तो मागे. खोलीत मामा तिसरा आलूबोंडा खात होता. इंदूबाई हसत होती. सगळ्यांनी वर पाहिलं आणि ठरलं असंच समजून हसले.

“बाबा,” संघर्ष म्हणाला, “हात कप्तानाचा नाही.”

“मंग कोनाचा?”

“मातेउस नाव हाये. जहाजावर पाव बनवते. आमी दोघं... जसे तुमी आन् माय. तसे. हिच्यात काही खोट नाही. खोट मी केली, इथपर्यंत येऊ देलं.”

पंखा फिरत राहिला. मामानं हातातला आलूबोंडा बशीत ठेवला, बोटं रुमालाला पुसली. “आम्हाले घरी बोलावून हे दाखवाचं होतं?” तो म्हणाला. अपेक्षाची आई रडत उठली. जाताना अपेक्षा दारात थांबली, संघर्षकडे न पाहता इंदूबाईला म्हणाली, “काकू, चाय चांगला होता,” आणि गेली.

डोमाजी उठला नाही. बसूनच त्यानं विचारलं, “तुले लाज नाही वाटली?”

“वाटली. म्हनून तं कप्तान म्हटलं.”

डोमाजीच्या तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं. त्यानं खुंटीवरचा विळा काढला. इंदूबाई किंचाळली. पण तो पोराकडे आलाच नाही, सरळ बाहेर गेला.

संघर्ष त्याच्यामागे बसस्टँडापर्यंत गेला आणि टपरीच्या आडोशाला थांबला. डोमाजी बांबूवर चढला होता आणि विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. कलीम खालून ओरडत होता, “चाचा, पडान ना! काहून काढून राह्यले?”

“वारा सुटला हाये,” डोमाजी म्हणाला. “फाटंल.”

झाडाचं पान हलत नव्हतं. आयुष्यभर मान वर ठेव म्हणणारा माणूस भर चौकात खोटं बोलत होता, आणि ते खोटं त्यानं कुठून घेतलं हे संघर्षला माहीत होतं. त्याला वाटलं, जमिनीत जावं. तरी तो आडोशातून बाहेर आला. लोक पाहत होते. त्यानं खालचं टोक धरलं. बापानं सोड म्हटलं नाही, धर म्हटलं नाही. दोघांनी मिळून गुंडाळला. डोमाजीनं तो गठाणीसारखा खांद्यावर घेतला आणि पुढे चालू लागला. पोरगा मागे.

घरी इंदूबाई म्हणाली, “चुलीत घाला तो.”

“कायले?” डोमाजी म्हणाला. “पोराचा फोटो हाये.” त्यानं गुंडाळी कपाटामागे उभी केली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

इंदूबाई बशा आवरत होती. पाठ करूनच तिनं विचारलं, “त्याले माय हाये?”

“हाये.”

“तिले मालूम हाये?”

“हो. तिनं आमाले दोन उशा देल्या.”

इंदूबाईचा हात थांबला. मग ती जोरात बशी घासू लागली. “तिची छाती मोठी असन,” ती म्हणाली. “मले लाज वाटते. उद्या नळावर बाया काय म्हनतीन याची वाटते. तू लपवलं याची वाटते. कोनती जास्त ते मले नाही सांगता येत. मले काही विचारू नोको आता.”

त्यानं विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं उरलेला एक आलूबोंडा बशीत टाकून त्याच्यापुढे सरकवला. थंडगार. पाहुण्यांचा.

फोन वाजला. मातेउसचा मेसेज होता: “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आई काय म्हणाली?”

संघर्षनं लिहिलं, ती ठीक आहे. ते खोटं होतं, पुसलं. लिहिलं, मला आता लाज वाटत नाही. तेही खोटं होतं, तेही पुसलं. आई मोरीपाशी भांड्यांचा आवाज करत होती. बाप जागा होता, पाठीवरून कळत होतं.

मग त्यानं बशीचा फोटो काढला आणि तोच पाठवला.