ओल्या पोत्याची ओळ

मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांकडून इंग्रजी व्याकरण घोटून घेतलं, आणि त्याच चाळीस वर्षांत आपली गावाकडची बोली अशी गिळून टाकली, की ती बायकोच्याही कानावर कधी पडली नाही. धाकटा भाऊ मात्र त्याच बोलीत बोलायचा, तोंडभर आणि मोठ्याने. तो आला की मास्तर आधी खिडकी लावून घेत.

धाकटा रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर फुटला, दोन माणसं गेली, आणि कंपनीने सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. झोपला होता म्हणे! चौकशीत तेच खरं ठरलं तर तुरुंग चुकत नव्हता. लेखी जबाब इंग्रजीत द्यायचा होता. तो मास्तरांशिवाय कोण लिहिणार?

धाकट्याने सगळं सांगितलं. वाफेच्या नळीवर ओलं पोतं गुंडाळून तो त्यावर तळहात ठेवायचा. दाबाचा काटा काहीही दाखवो, व्हॉल्व्ह अडकला की हाताला थरथर कळायची. जुने बॉयलरवाले असंच करत. त्या दिवशीही थरथर लागली, म्हणून तो धावत इंजिनिअरकडे गेला. 'महिना संपेपर्यंत असंच ओढ' एवढंच उत्तर मिळालं.

मास्तरांनी चार पानी जबाब लिहिला. पोत्याची ओळ आली, ती त्यांनी खोडली. साहेबांपुढे पोतं कसलं न्यायचं? त्या जागी 'सूक्ष्म निरीक्षणाअंती दोष लक्षात आला' अशा अर्थाचं एक भारदस्त इंग्रजी वाक्य बसवलं.

मुलीने वाचून कपाळाला हात लावला. "बाबा, असं इंग्रजी आता कोणी लिहीत नाही. भाषा पार बदललीय. काका बोलले तसंच साधं लिहा ना."

"चार गाढवांनी मिळून चूक केली, की तिला बदल म्हणायचं का?" मास्तर कडाडले. जबाब त्यांनी तसाच पाकिटात घातला.

चौकशीच्या दिवशी कंपनीचा वकील मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे," असं तो दारातच हल्लीच्या सैल इंग्रजीत म्हणाला. त्यातली चूक मास्तरांना टोचली, तरी ते सुखावले. मागच्या बाकावर जाऊन बसले.

"दोष तुम्हाला कळला कसा?" वकिलाने धाकट्याला विचारलं.

"हातानं. ओलं पोतं गुंडाळून." धाकटा आपल्या बोलीत सांगू लागला, तसे जबाब उतरवून घेणारे दोन्ही कारकून खुदकन हसले.

"जबाबात पोतं कुठेय?"

धाकट्याने कागदांवर नुसती नजर फिरवली. तो जबाब त्याला वाचताच येत नव्हता.

"म्हणजे पोतं आज सुचलं." वकील चौकशी अधिकाऱ्यांकडे वळला. "आणि ही भाषा या माणसाची आहे, असं कोण म्हणेल? याला पढवलंय, साहेब."

"कोणी लिहून दिलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

धाकट्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बाजारातल्या टायपिस्टनं."

मास्तर उठले. हा माझा पाठचा भाऊ, पोत्याची गोष्ट यानं सांगितली होती, मी खोडली. एवढंच बोलायचं होतं.

"सर, तुम्ही?" वकील चकित झाला.

"यांचं तुमचं नातं काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अख्खी खोली मास्तरांकडे बघत होती. कारकुनांच्या ओठांवर हसू अजून होतं.

"ओळखीचा आहे," मास्तर स्वच्छ उच्चारात म्हणाले. "सहज आलो होतो."

"मग मध्ये उभे राहू नका. बसा."

मास्तर बसले. जीव जाईल अशी लाज वाटली, पण पाय काही पुन्हा उचलले नाहीत.

अधिकाऱ्यांनी कागद मिटले. "तुमच्या बाजूनं बोलणारं आणखी कोणी आहे का?"

"नाही साहेब," धाकटा म्हणाला. "कोणी नाही."